ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क पायी कसं पाहावं

ताडोबा-कान्ह्याची सवय झालेल्या माणसाला कुल्लू जिल्ह्यातलं हे उद्यान पहिल्या दिवशी रिकामं वाटतं. इथे जीप नाही, सफारीची वेळ नाही, उद्यानात शिरणारा गाडीरस्ताच नाही. जे बघायचं ते पायी चालून आणि मग एका जागी बसून बघायचं. म्हणून सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आधीच देऊन टाकतो: एक दरी निवडा, तिच्यात एक तळ निवडा आणि त्या तळावर किमान दोन रात्री काढा. रोज मुक्काम हलवत पुढे पळणाऱ्यांना डोंगर भरपूर दिसतात, प्राणी दिसत नाहीत. कारण साधं आहे. प्राणी पहाटे आणि संध्याकाळी उघड्यावर येतात आणि नेमक्या त्याच वेळी आपण तंबू गुंडाळत किंवा उभारत असतो.

आधी नकाशा डोक्यात बसवा

उद्यानाची घोषणा १९८४ साली झाली, अंतिम अधिसूचना १९९९ मध्ये निघाली आणि २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. राष्ट्रीय उद्यानाचा गाभा ७५४.४ चौरस किलोमीटरचा. त्याला लागून असलेली सैंज आणि तीर्थन ही अभयारण्यं धरली की वारसास्थळ ९०५.४ चौरस किलोमीटरचं होतं. जीवा नाला, सैंज आणि तीर्थन या तीन नद्यांची पाणलोट क्षेत्रं यात येतात आणि तिघींचं पाणी शेवटी बियासला मिळतं.

उद्यानाच्या पश्चिम कडेला २६५.६ चौरस किलोमीटरचा इको झोन आहे. गावं, सफरचंदाच्या बागा, होमस्टे हे सगळं त्यात. इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. तीर्थनच्या काठावर दोन दिवस राहून, एखादा धबधबा बघून 'पार्क पाहिला' असं समजून लोक परत येतात. प्रत्यक्षात ते इको झोनच्या बाहेर पडलेलेच नसतात. तीर्थनकाठच्या गुशैणी गावाहून उद्यानाचं प्रवेशद्वारच सुमारे आठ किलोमीटर चालीवर आहे.

इको झोनबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. उद्यान अधिसूचित झालं तेव्हा इथल्या गावांचे गाभ्यातले चराईचे आणि जडीबुटी, गुच्छी (एक रानअळंबी) गोळा करण्याचे हक्क संपले. पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या घेऊन ज्या थाचांवर (उंचावरच्या कुरणांना इथे थाच म्हणतात) माणसं जात होती, तिथलं जाणं थांबलं. आज तुमच्याबरोबर येणारा वाटाड्या, स्वयंपाकी, पोर्टर बहुधा त्याच घरांमधला असतो. मनालीच्या किंवा दिल्लीच्या कंपनीकडून सगळं पॅकेज घेण्यापेक्षा गावातल्या माणसांकडून थेट घ्या. पैसा योग्य घरी पोचतो. शिवाय कुठल्या ओढ्यावरचा ओंडका यंदा वाहून गेला आणि मोनाल (डोंगरातला रंगीत पिसांचा पक्षी) कुठल्या कुरणावर उतरतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

कोणती दरी?

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तीर्थन घ्यावी. गुशैणी ते रोला हा तळ सुमारे दहा किलोमीटर, नदीच्या काठाकाठाने, फारसा खडा चढ नाही. रोल्याहून शिल्ट या वरच्या तळापर्यंत हा खरा चढ: पाचेक किलोमीटरमध्ये जवळजवळ ९०० मीटर उंची. बारी गावातून कळसूबाई चढताना साधारण एवढीच उंची गाठावी लागते. फरक इतकाच की इथे सुरुवातच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर होते. रोल्याहून नदी धरून पुढे गेलं तर वाट तीर्थनच्या उगमाकडे, 'तीर्थ'ला जाते. तो चार हजार मीटरच्या जवळ पोचणारा बहुदिवसीय ट्रेक आहे. पहिल्या भेटीत त्याच्या मागे लागू नये.

सैंजची दरी लांब आणि जास्त एकांताची. न्यूलीहून चालत शाक्टी आणि मरौड या वस्त्यांपर्यंत जाता येतं. दोन्ही सैंज अभयारण्याच्या आत वसलेल्या. त्यापुढे सैंजचा उगम, रक्तीसर. ज्यांना जंगलाइतकीच लाकूड-दगडाची जुनी काठकुणी घरं आणि तिथलं जगणं बघायचं आहे, त्यांना ही दरी आवडेल. जीवा नाल्यातून कंडी गलू आणि फांगची गलू या खिंडी ओलांडून पार्वतीच्या खोऱ्यात उतरणारा मार्ग मात्र अनुभवी, बर्फावर चाललेल्या लोकांसाठीच.

बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील तर दोन चांगले पर्याय आहेत. सैंज खोऱ्यातलं शांघडचं देवदारांनी वेढलेलं कुरण, आणि जलोडी जोत (खिंड, ३,१२० मीटर) ते सेरोलसर तळं ही सुमारे पाच किलोमीटरची, जवळपास सपाट जंगलवाट. दोन्ही उद्यानाच्या गाभ्याबाहेर आहेत, पण जंगल त्याच जातकुळीचं. शांघडचं कुरण ही देवतेची जागा आहे. तिथे दारू, सिगारेट, आरडाओरडा चालत नाही, आणि देवळापाशी चामड्याचा पट्टा-पाकीट काढायला सांगितलं तर हुज्जत न घालता काढावं.

कधी

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. दोन्ही हंगामांचा स्वभाव वेगळा आहे.

एप्रिल-मे पक्ष्यांचा. तितर-मोराच्या कुळातले पक्षी या दिवसांत आवाज देतात, बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो, आणि वरच्या उतारांवर अजून बर्फ असल्याने प्राणी त्यामानाने खालीच राहतात. तोटा असा की दुपारनंतर गडगडाट, गारा आणि शिल्टच्या वरच्या घळींत बर्फ. ऑक्टोबर दृश्यांचा. पाऊस हवा धुऊन गेलेला असतो, शिखरं दिवसभर स्वच्छ दिसतात, भोजपत्राच्या (बर्च) झाडांची पानं पिवळी होतात. पक्षी मात्र गप्प असतात आणि रात्री लवकर गोठवतात. अस्वलं या महिन्यात खरसू ओकच्या फळांवर ताव मारत असतात, म्हणून ओकच्या जंगलात जास्त सावध राहायला हवं.

जुलै-ऑगस्ट टाळाच. जळवा हा त्यातला किरकोळ त्रास आहे. अरुंद दऱ्यांमध्ये नद्या एका रात्रीत काठ सोडतात. जुलै २०२३ च्या पुरात सैंजच्या बाजारपेठेचं मोठं नुकसान झालं होतं. रस्ते बंद झाले तर दिवसेंदिवस अडकून पडायची वेळ येते.

परवाना, वाटाड्या आणि भार

उद्यानात शिरायला वन विभागाचा परवाना लागतो. मुख्य कार्यालय भुंतरजवळ शमशीला आहे. तीर्थनकडून जाणाऱ्यांना बंजार परिसरातलं साई रोपाचं केंद्र सोयीचं. आधार कार्डाच्या दोन-दोन प्रती आणि पासपोर्ट फोटो जवळ ठेवा. शुल्क दर माणशी, दर दिवशी असतं. तंबू, कॅमेरा, वन विभागाची झोपडी यांचं वेगळं. ही सरकारी कचेरी आहे हे विसरू नका. शनिवारी पहाटे पोचून त्याच दिवशी चालायला लागायचा बेत हमखास फसतो. एक तर कामाच्या दिवशी पोचा, नाहीतर वाटाड्याला आधी कागद पाठवून परवाना काढून ठेवायला सांगा. तेच जास्त चांगलं.

वाटाड्याशिवाय जाऊ नये. नकाशावर वाट सरळ दिसते, पण दरड, बर्फ आणि वाहून गेलेले लाकडी पूल यामुळे ती दरवर्षी बदलते. ठरवताना तीन गोष्टी आधीच स्पष्ट करा: रोजच्या मजुरीत जेवण धरलं आहे का, परतीचे दिवस कसे मोजायचे, आणि पोर्टर किती वजन नेणार. तुम्ही वर थांबलात आणि पोर्टर रिकाम्या हाताने खाली गेला तरी ते दिवस त्याच्या कामाचेच असतात. पाठीवर साधारण २० किलो ही मर्यादा समजा; त्यात त्याचं स्वतःचं अंथरूण-पांघरूणही येतं. तिघांच्या चमूला चार दिवसांसाठी एक वाटाड्या, एक स्वयंपाकी आणि दोन पोर्टर पुरतात.

वाटाड्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की आपल्याला अंतर कापायचं नाही, जनावरं बघायची आहेत. नाहीतर तो भल्या मनाने तुम्हाला रोज पुढचा टप्पा गाठून द्यायच्या मागे लागेल, कारण बहुतेक पाहुणे तेच मागतात.

पोचायचं कसं

रेल्वेने किंवा विमानाने चंडीगढ किंवा दिल्ली, तिथून मनालीची रात्रीची बस. औटचा बोगदा लागायच्या आधी, मंडीच्या बाजूला उतरायचं. बस तिथे बहुधा उजाडायच्या आत पोचते आणि प्रवासी झोपेत कुल्लूला जातात. कंडक्टरला चढतानाच सांगा, शिवाय स्वतःचा गजर लावा. तिथून लारजीमार्गे बंजार सुमारे ३० किलोमीटर आणि बंजारहून गुशैणी आणखी दहा. टॅक्सी आधी ठरवली नसेल तर उजाडेपर्यंत थांबून स्थानिक बस घ्यायची. एटीएम बंजारला आहे. वाटाड्या, पोर्टर आणि होमस्टेचे पैसे तिथेच रोख काढून ठेवा. गुशैणीच्या पुढे चालायला लागलं की मोबाइलचा भरवसा संपतो, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्या आणि घरच्यांना परतीची तारीख सांगून ठेवा.

पहिला पूर्ण दिवस गुशैणीतच काढावा. प्रवासाचा शीण जातो, परवान्याचं काम होतं, आणि नदीवरचे पक्षी बघायला मिळतात: ब्राउन डिपर, पांढऱ्या टोपीचा रेडस्टार्ट, काळ्या-पांढऱ्या लांब शेपटीचा फोर्कटेल. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्पांना मनाई असल्याने तिचा प्रवाह अजून मोकळा आहे, आणि डिपरसारख्या पाण्यात बुडी मारून किडे वेचणाऱ्या पक्ष्याला असाच वाहता, खळाळता प्रवाह लागतो.

चाल

गुशैणीहून सकाळी सातला निघालात तर दुपारी एकच्या सुमारास रोल्याला पोचता. वाट गावांमधून, मग देवदार आणि कैलच्या जंगलातून जाते. इथे पडायला होतं ते दोनच ठिकाणी. एक, ओढ्यांवरचे ओंडक्यांचे पूल: पहाटे दव किंवा दहिवर असलं की काचेसारखे निसरडे. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून, एकेकाने, पाऊल आडवं टाकत पार करा. पट्टा बांधलेला असेल आणि पाण्यात पडलात तर सॅक तुम्हाला खाली ओढते. दोन, पाइनच्या वाळक्या सुयांचा थर. वाट कोरडी दिसते म्हणून माणूस भराभर उतरतो आणि पाय एकदम सटकतो. सुयांवर टाच मारून चालू नका, पूर्ण तळवा टेकवा.

रोला हा नदीकाठचा तळ. इथे एक रात्र, दुसऱ्या दिवशी शिल्ट, तिथे दोन रात्री, मग एका दिवसात रोला किंवा थेट गुशैणी असा चार रात्रींचा आराखडा सगळ्यात चांगला बसतो.

वेळेचा हिशेब करायची जुनी पद्धत अशी: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने रोला-शिल्ट अडीच तासांत व्हायला हवं. तसं होत नाही. ही पद्धत हलक्या सॅकच्या, सरावाच्या माणसासाठी आहे. आठ-दहा किलो पाठीवर, विरळ हवा आणि सह्याद्रीची सवय असलेल्यांनी चार-पाच तास धरावेत. शिल्टच्या धारेवर पाणी नदीकाठासारखं हाताशी नसतं, म्हणून रोल्याहून निघताना दोन लिटर भरून घ्या आणि वरचा झरा चालू आहे का, हे वाटाड्याला आदल्या दिवशीच विचारा.

घरच्या तयारीचं माप सोपं आहे. दहा किलोची सॅक घेऊन सलग दोन दिवस ८०० ते ९०० मीटर चढ-उतार करून तिसऱ्या दिवशी गुडघे ठीक असतील, तर हा ट्रेक जमतो. चढताना दमायला होतं, पण गुडघे जातात ते उतरताना. शिल्ट ते रोला उतरायला दोन काठ्या हव्यातच.

जनावरं कशी दिसतात

इथे शेवटपर्यंत टिकणारा आनंद घोरल आणि थार हे रानबकरीसारखे प्राणी आणि मोनाल यांच्यात आहे. हिम बिबट्या उद्यानात आहे, पण तो पाहायला मिळेल असं समजून जाऊ नका. कस्तुरी मृगाचीही बहुतेकदा लेंड्यांवरूनच ओळख होते: तो ठरलेल्या जागीच विष्ठा टाकतो, त्यामुळे जंगलात एकाच ठिकाणी जुन्या-नव्या बारीक लेंड्यांचा ढीग दिसतो.

घोरल शोधायची जागा म्हणजे नदीपलीकडचे गवत आणि खडक मिसळलेले उभे उतार. बकरीएवढा, करड्या-तपकिरी रंगाचा प्राणी. दगडापुढे उभा राहिला की दगडच होतो. त्याला उघडा पाडतो तो गळ्यावरचा पांढरा डाग. उजाडायच्या आधी अर्धा तास जागा धरायची. उभं न राहता बसा आणि कोपरं गुडघ्यांवर टेकवा. दुर्बीण ८×४२ पुरे. दहा पटीच्या दुर्बिणीत हात थरथरला की सगळा उतारच थरथरतो. आधी नुसत्या डोळ्यांनी पाच मिनिटं पाहा, कारण हालचाल नुसत्या डोळ्यांना आधी कळते. मग दुर्बिणीने उताराचे आडवे पट्टे पाडा आणि खालून वर एकेक पट्टा तपासा. नजर उजवीकडून डावीकडे न्या. वाचनाच्या सवयीमुळे डावीकडून उजवीकडे डोळा घसरत जातो आणि मधलं निसटतं. प्रत्येक चौकटीवर तीन-चार सेकंद थांबा. शोधायची ती अख्खी आकृती नव्हे: एखादी आडवी पाठ, हलणारा कान, पायांच्या मधली मोकळी जागा. सगळे पट्टे संपले आणि काही मिळालं नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून. खडकाआड असलेलं जनावर तेवढ्यात चरत पुढे आलेलं असतं. घोरलने शिंकेसारखा फुसकारा सोडला, तर त्याने तुम्हाला किंवा बिबट्याला पाहिलं आहे.

वाऱ्याचं गणित पाठ करा. रात्रभर थंड झालेली जड हवा पहाटे उतारावरून खाली वाहते. उतारावर ऊन पडलं की ती तापून वर चढायला लागते. म्हणून पहाटे आपण खाली आणि जनावरं वर, अशी जागा हवी: त्यांचा वास आपल्याकडे, आपला त्यांच्याकडे नाही. ऊन उतारावर आलं की वारा फिरतो आणि थोड्याच वेळात उतार रिकामा होतो. तेव्हा चहा प्यायला उठायला हरकत नाही.

थार घोरलापेक्षा मोठा, गडद. नराच्या मानेवर दाट आयाळ. तो कड्यांवर, जास्त उंचीवर. भरल (डोंगरी मेंढीसारखा प्राणी) त्याहून वर, झाडांची रेषा संपल्यावर, आणि निळसर करड्या रंगामुळे दगडांच्या राशीत मिसळलेला.

शिल्टच्या आसपास मोनाल पहाटे कुरणाच्या कडेला मुळं-कंद उकरताना दिसतो. घाबरला की शिट्टीसारखा ओरडत उताराच्या खाली झेपावतो. कुरणाच्या मध्यात चालत जाऊ नका, झाडांच्या कडेला बसून राहा. तो पाच-दहा मिनिटं उकरण्यात गुंग झाला की मगच कॅमेरा वर करा.

जाजुराणा, म्हणजे वेस्टर्न ट्रॅगोपन, हिमाचलचा राज्यपक्षी. जगभरात थोडा उरलेला आणि या उद्यानात चांगल्या संख्येने टिकून असलेला. तो साधारण २,४०० ते ३,६०० मीटरमधल्या, रिंगालच्या (बारीक डोंगरी बांबूच्या) बेटांनी भरलेल्या दाट जंगलात राहतो. एप्रिल-मे महिन्यांत उजाडायच्या सुमारास नर अनुनासिक, करडाच्या रडण्यासारखी हाक देतो. ती ऐकू येणं हीच मोठी गोष्ट आहे. त्या हाकेच्या दिशेने रिंगालमध्ये घुसू नका आणि मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावू नका. मे-जून हा त्याच्या अंड्या-पिल्लांचा काळ. असा आवाज वाजवला की नर प्रतिस्पर्ध्याच्या शोधात धावपळ करतो, मादी बिथरून अंड्यांवरून उठते, आणि वरच्या फांदीवरचा कावळा वाटच बघत असतो. एका छायाचित्रासाठी एवढी किंमत फार आहे.

गावातले कुत्रे बिस्किटांच्या आशेने मागे येतात. त्यांना पहिल्या पुलाआधीच परत पाठवा, काही खायला घालू नका. वर पोचलेला कुत्रा मोनाल आणि घोरलांच्या पिल्लांच्या मागे धावतो आणि तुमची पहाट तर जातेच, त्या उतारावरची जनावरंही काही दिवस बिथरलेली राहतात.

काळ्या अस्वलाचा धोका अचानक समोरासमोर येण्यात आहे. खळाळत्या ओढ्याजवळ त्याला तुमची चाहूल लागत नाही, म्हणून ओढ्याकाठच्या दाट झाडीतून जाताना मोठ्याने बोलत जा. ओकच्या झाडांवर ओरखडे, मोडून एकत्र ओढलेल्या फांद्या किंवा फळांनी भरलेली ताजी विष्ठा दिसली की गट एकत्र ठेवा. समोर आलंच तर पळू नका आणि झाडावर चढू नका, ते तुमच्यापेक्षा चांगलं चढतं. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका, त्याला निघायला वाट द्या. अंगावर आलं तर पालथे पडा, दोन्ही हात मानेमागे गुंफा, सॅक पाठीवर राहू द्या. त्याचा पहिला वार चेहऱ्यावर आणि डोक्यावर असतो. तंबूत खाण्याची एकही वस्तू नको, टूथपेस्टसुद्धा स्वयंपाकाच्या तंबूत ठेवावी.

उंची आणि हवामान

शिल्ट तीन हजार मीटरच्या आसपास आहे. या उंचीवर रात्री डोकं जड होणं, भूक मंदावणं, झोपमोड होणं बऱ्याच जणांना होतं. पाणी प्या, हलकं खा, दुसऱ्या दिवशी तिथेच थांबा, बहुतेकांचं उतरतं. तीन हजारांच्या वर जायचं असेल तर रोजच्या झोपायच्या जागेची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या लागल्या, तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागायला लागली तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा. शिल्टहून रोला म्हणजे ९०० मीटरची उतराई, आणि तेच औषध. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी हा प्रश्न आवर्जून काढावा. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर नकोतच. दवाखाना बंजारला, मोठं रुग्णालय कुल्लूला. म्हणजे खाली गुशैणीपर्यंत चालत किंवा पाठीवरून यावंच लागतं, हे जाण्याआधी लक्षात घ्या.

मे-जूनमध्ये दुपारी एकनंतर ढग चढायला लागतात. त्याआधी धारेवरून खाली या. गडगडाट सुरू झालाच तर एकट्या झाडाखाली आसरा घेऊ नका आणि काठ्या बाजूला ठेवा. बर्फाने भरलेल्या घळी वसंतात आतून पोकळ असतात, खालून पाणी वाहत असतं. वाटाड्या काठीने ठोकून जिथून गेला, त्याच्याच पावलांवर पाऊल टाका. फोटोसाठी मध्ये थांबू नका. पूल नसलेले ओढे सकाळी ओलांडायचे, कारण दुपारी वरचं बर्फ वितळून तेच पाणी मांडीपर्यंत येतं.

काय न्यायचं, आणि काय होतं

यादी लांब करण्यात अर्थ नाही. सुती कपडा अंगाशी नको: घाम वाळत नाही आणि थांबलात की हुडहुडी भरते. चालताना पातळ सिंथेटिक, थांबल्याबरोबर फ्लीस, रात्री पिसांचं किंवा जाड भरावाचं जॅकेट, वरून पाऊस अडवणारा थर. स्लीपिंग बॅग शून्य ते उणे पाच अंशांना आरामात झोपता येईल अशी. शिल्टवर एप्रिल आणि ऑक्टोबरमधल्या रात्री शून्याच्या आसपास जातात. घोटा झाकणारे, आधी वापरून पायाला सरावलेले बूट. रात्रीसाठी कोरडे मोजे वेगळे बांधा आणि ते कधीच चालायला वापरू नका. वाटेकडेच्या बिच्छू घासापासून (अंगाला लागली की आग करणारी वनस्पती) बचाव करायला पूर्ण लांबीची पँट.

स्वयंपाकाला प्रेशर कुकर न्याच. तीन हजार मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं; उघड्या पातेल्यात डाळ तासभर शिजवली तरी कचकचीत राहते आणि गॅस संपतो. ब्यूटेनचे डबे थंडीत दाब सोडतात, म्हणून रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. पिण्याचं पाणी तीन मिनिटं खळखळून उकळा. क्लोरीनच्या गोळीला अर्धा तास लागतो, बर्फाच्या गार पाण्यात दुप्पट वेळ द्या. शेकोटी करू नका. वाळलेला, कुजणारा ओंडका हे किडे, बुरशी आणि त्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांचं घर आहे, आणि ऑक्टोबरच्या वाळक्या गवताला एक ठिणगी पुरते.

शौचासाठी पाण्यापासून किमान ६० मीटर लांब, वीतभर खोल खड्डा; कागद आणि सॅनिटरी पॅड बंद पिशवीत परत आणायचे. नूडल्स आणि बिस्किटांची पाकिटं गुशैणीत उघडून सगळं एकाच मोठ्या पिशवीत भरलंत, तर वर न्यायचा निम्मा कचरा तिथेच कमी होतो. ड्रोन आणि स्पीकर घरी ठेवा.

परतताना चौकीवर नोंद करायला विसरू नका, नाहीतर कर्मचारी तुम्हाला वर शोधत बसतात. आणि गुशैणीत उतरल्या दिवशी रात्रीच्या रेल्वेचं तिकीट काढू नका. औट ते मंडी या पट्ट्यात, विशेषतः पंडोहच्या आसपास, दरड कोसळून रस्ता तासन्‌तास बंद राहतो. एक दिवस राखीव ठेवा. रस्ता सुरळीत असला तर तो जलोडीला किंवा शांघडला घालवता येतो.